चतकोर गोळी आणि वारसा कायदा

२ नोव्हेंबर

ही वही लुद्मिलाच्या सांगण्यावरून घेतली. म्हणाली, डोक्यात जे कुजतंय ते कागदावर काढ, नाहीतर माझं डोकं खाशील. बरं बाई, काढते. मात्र मागचं पान मी उलटून बघणार नाही, आधीच सांगून ठेवते. स्वतःचं रडगाणं दुसऱ्यांदा कोण वाचणार!

तर मी यानिना बेर्तोल्दी. वय एकतीस. सांता फेच्या लॉ फॅकल्टीतली बहुतेक सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. माझ्याबरोबरच्या मुली कोर्टात नावाजल्या, आणि मी अजून कँटीनवाल्याला नावाने हाक मारते. एकच विषय राहिलाय, वारसा कायदा. एकच! त्याची तोंडी परीक्षा पास झाले की वकील. तारखा दोन, एक नोव्हेंबरच्या शेवटी आणि एक डिसेंबरच्या मध्यावर. दोन्ही हुकल्या तर विषयाची मुदत संपते, मग अख्खं वर्ष पुन्हा पोरासोरांत वर्गात बसायचं.

ते वर्ष मिळणार नाहीच म्हणा. काल जेवताना पापांनी सांगून टाकलं. पापांचं खाली टायरचं दुकान आहे. ते बोलले तर टायरशी बोलतात, त्यामुळे माझ्याशी बोलले हीच मोठी बातमी. म्हणाले, "डिसेंबरात झालं तर झालं. नाहीतर पुस्तकं माळ्यावर टाका आणि खाली येऊन गल्ल्यावर बसा, वकीलसाहेब."

वकीलसाहेब! पहिल्या वर्षी त्यांनी हे नाव कौतुकाने ठेवलं होतं. येईल त्या ट्रकवाल्याला सांगायचे. आता तो टोमणा झालाय. कधी झाला ते मला कळलंच नाही. एकदा, फक्त एकदाच, त्यांच्या तोंडून तो शब्द परत पूर्वीसारखा ऐकायचा आहे. बाकी डिग्री गेली चुलीत.

५ नोव्हेंबर

अभ्यास नाही असं नाही. पहिले आठ धडे मी जून-जुलैच्या हिवाळ्यात असे घोटलेत की कधीही विचारा. रड आहे ती हातांची आणि पोटाची. ऑगस्टमध्ये परीक्षेला नाव पुकारलं आणि मी जिना उतरून सरळ पळाले, बस स्टॉपपर्यंत. पहारेकरी मागून हाका मारत होता.

त्यात आमची परीक्षाही अशी की देवाला दया यावी. अठरा धडे, अठरा लाकडी गोट्या, तारेच्या गोल पिंजऱ्यात. दांडा फिरवायचा, दोन गोट्या बाहेर पडतात. एकीवर आपण बोलायचं, दुसरीवर ते विचारतात. सकाळी मी लॉटरीच्या दुकानात बसते, तिथेही लोक असेच पिंजऱ्याकडे डोळे लावून असतात. पण ते बापडे उद्या पुन्हा खेळू शकतात.

आज पोरोता मावशी आली. आईची बहीण, समोरच राहते, दिवसातून तीनदा येते. तिने माझे हात बघितले.

"काय गं, एवढ्या उकाड्यात कुडकुडतेस?"

"परीक्षा आहे मावशी."

"मग असं थरथरत वाचलेलं डोक्यात शिरतं होय?" पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी नखाने मोडली. "चतकोर. जिभेखाली धर. काही होत नाही. तुझे काका गेले तेव्हापासून घेते मी, बघ कशी ठणठणीत आहे."

तेवढ्यात काकांचा दवाखान्यातला शेवटचा किस्सा तिने सांगितला. जाताना दारात उभी राहून तोच पुन्हा सांगितला. पण ठणठणीत आहे हे खरं. आमच्या गल्लीत शेजारणी मीठ-साखर मागावी तशी ही गोळी एकमेकींकडे मागतात, आणि कुणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. घेतली. अर्ध्या तासात खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी मला माझा श्वास ऐकू आला.

९ नोव्हेंबर

काय सांगू! दुपारची वेळ, शटर खाली, सगळं गाव झोपलेलं, कुत्रंसुद्धा सावलीत लोळतंय, आणि मी टेबलाशी. जिभेखाली चतकोर. हात कसे दगडासारखे स्थिर! नववा, दहावा, अकरावा. तीन धडे एका बैठकीत. अकराव्यात राखीव हिस्सा आहे, म्हणजे बापाने मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी मुलांचा जो वाटा त्याला काढून घेता येत नाही तो. पिवळ्या पेनने पानंच्या पानं रंगवली. इतकी साधी गोष्ट मी वर्षभर घाबरून लांब ठेवली होती! रोज घेत नाही हं. हात फारच नाचायला लागले तरच.

आणि लुद्मिला आत्ताच गेली. तिला दिवस गेलेत! सगळ्यात आधी मला सांगितलं, नवऱ्याच्या आईच्याही आधी. मी अशी किंचाळले की खालून पापांनी पाना आपटला. दोघी रडलो. मावशी व्हायचं म्हणजे वकीलच मावशी व्हायला हवी, असं ठरलंय आमचं.

१२ नोव्हेंबर

लुद्मिला तपासायला आली. ती तीन वर्षांपूर्वीच पास झालीय, पण माझ्यासाठी येते, माते म्हणजे आमचा कडू हिरवा चहा, त्याचा तुंबा भरते, आणि आम्ही नळीने आळीपाळीने ओढत प्रश्नोत्तरं करतो. तिने दुसरा धडा विचारला, मी घडाघडा म्हटला. पाचवा, तसाच. मग म्हणाली, "अकरावा. राखीव हिस्सा किती, कुणाकुणाला?"

मी तोंड उघडलं आणि... काही नाही. पान दिसत होतं, पिवळं दिसत होतं. अक्षर एक नाही.

"वाचलाच नाहीयेस ना?"

"अगं परवाच संपवला! पिवळा केलाय, बघ!"

पुस्तक उघडून तिने बघितलं. सगळं पिवळं. समासात माझ्याच अक्षरात टिपा. तिने माझ्याकडे बघितलं तसं कुणी बघितलेलं मला आवडत नाही.

प्रश्न विचारायची तिची पद्धतच चुकीची आहे. अशी टपकन विचारते की माणूस बावचळतोच. मी उद्या परत वाचेन.

१६ नोव्हेंबर

घरात महाभारत. आईने म्हणे मला सांगितलं होतं की मी बाजारात जाते, मसूर वरणासारखा घट्ट झाला की खालचा गॅस बंद कर. म्हणे मी "हो" म्हटलं, मान हलवली, वर "थोडी ब्रेड आण" असंही म्हटलं. धडधडीत खोटं! मला कुणीही काहीही सांगितलं नाही. पातेलं जळून कोळसा झालं, धूर जिन्यातून दुकानात गेला.

पापा वर आले. पातेल्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हे तुझे डोळे नाहीत."

"मग कुणाचे आहेत? टायरचे?"

बोलून गेले. ते खाली उतरले. मला वाईट वाटलं. पण आरोप तरी किती ऐकायचे माणसाने! परीक्षा दहा दिवसांवर आली तरी कुणाला पडलेली नाही, आणि मी मसूर ढवळायची.

अकरावा पुन्हा वाचला. नवव्यापासून पुन्हा सुरू केलंय.

२१ नोव्हेंबर

आज इतकी दुखावलेय की हात आपोआप वहीकडे आला. लॉटरीच्या दुकानात लुद्मिलाची जाऊ आली होती. सहज बोलून गेली, "एप्रिलमध्ये पाळणा हलणार, पोटातल्या बाळाच्या तारखेवर एक आकडा लावते." मी म्हटलं, कुणाचा पाळणा? तर लुद्मिलाचा!

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक. जावेलाही. फक्त मला नाही. पंधरा वर्षांची मैत्री! फोन करून मी तिला फाडफाड बोलले. ती हळू आवाजात म्हणाली, "यानी, मी तुझ्या स्वयंपाकघरात तुला सांगितलं. तू किंचाळलीस. आपण रडलो."

"मला सांगितलं असतंस तर मी विसरले असते का? हे विसरण्यासारखं आहे?"

"तेच म्हणतेय मी. किती घेतेस तू त्या गोळ्या?"

"कधीमधी! चतकोर! लिंबू पिळतात तेवढी!"

"त्याने नवीन काही डोक्यात राहत नाही, यानी. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या."

गर्भार झाल्यापासून तिला सगळ्याच गोष्टींची भीती वाटते. कॉफीची, मांजराची, आता माझ्या गोळीची. माझ्यापासून बातमी लपवली आणि वर दोष माझ्या डोक्याला! फोन ठेवून दिला. मग इतकी थरथरले की मावशीकडे जाऊन चतकोर नाही, अर्धी घेतली.

२७ नोव्हेंबर

नापास.

लिहायचं नव्हतं पण लिहिते. पळाले नाही, एवढं तरी. सकाळी चतकोर घेतली, शांत गेले, शांत बसले. पिंजरा फिरवला. तीन आणि अकरा.

तिसऱ्यावर बोलले. वारसा स्वीकारणे, नाकारणे, मुदती, सगळं. आमची परीक्षक डॉक्टर मोन्साल्वो, जिच्या नावाने फॅकल्टी कापते, ती चष्मा काढून ऐकत होती! मला वाटलं झालं, सुटले. मग तिने गोड आवाजात विचारलं, "छान. आता अकरावा. एक बाप सगळं घर थोरल्याला लिहून देतो. धाकटीला काय मिळेल?"

किती वेळा वाचला मी तो धडा? चार? पाच? पिवळ्यावर पिवळं लागून पान ओलं झालेलं. आणि मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत बसले. शेजारच्या सरांनी मदत म्हणून अर्धं वाक्य दिलं. मला पुढचं अर्धं येईना. शेवटी ती म्हणाली, "बाळ, तिसरा तुला इतका येतो आणि अकरावा उघडूनही बघितला नाहीस? असा अर्धा अभ्यास करून येतात का?"

मी म्हटलं, वाचलाय. हसली ती. वाईटपणाने नाही, पण हसली. दहापैकी दोन मार्क. पास व्हायला चार लागतात.

घरी आले तर दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, दुपारच्या झोपेची वेळ नसताना. पापा स्टुलावर बसले होते, स्वच्छ शर्ट घालून. मी मान हलवली. ते उठले, शर्ट काढून खिळ्याला लावला, परत डांगरी चढवली, शटर वर केलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, देवाशप्पथ.

२८ नोव्हेंबर

सगळा विचार केला. गोष्ट स्पष्ट आहे. पहिल्या गोटीला मी शांत होते म्हणून आलं, दुसरीला आतून घाबरले म्हणून गेलं. चतकोर दोन गोट्यांना पुरली नाही. मावशीचंही तेच मत. "अगं एवढ्या मोठ्या परीक्षेला चतकोर? ती तर मी भाजी आणायला जाताना घेते!"

आता अभ्यासालाही अर्धी, आणि परीक्षेला गरज पडली तर वर आणखी अर्धी. शेवटची तारीख पंधरा डिसेंबर. त्यानंतर काहीच नाही. त्यानंतर गल्ला.

३ डिसेंबर

फुटक्या बादलीत पाणी भरतेय. आज वाचते, उद्या नाही. नववा धडा सकाळी उघडला तर समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, "हे मोन्साल्वोला फार आवडतं, नीट कर." मी हे कधी लिहिलं? मोन्साल्वोला काय आवडतं हे मला कुणी सांगितलं?

मी ढ आहे. हेच खरं असणार. एवढी वर्षं सगळ्यांना फसवलं, स्वतःलाही. एकतिसाव्या वर्षी मेंदू पिकतो का? आजीला कसली तरी विसरण्याची बाधा होती, ती माझ्यात आलीय का? कुणाला विचारू? आईला विचारलं तर ती मेणबत्त्या लावत सुटेल.

आठव्यापर्यंतचे अजून येतात. डोळे मिटून येतात. आठव्यानंतर मात्र कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं आहे. लुद्मिलाशी बोलत नाही, नाहीतर तिला विचारलं असतं.

६ डिसेंबर

दुष्काळात तेरावा महिना. मावशी गेली पारानाला, मुलाकडे, पर्स घेऊन. तीन दिवस झाले. रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत टायर फिरतोय, लॉटरीच्या दुकानात एका बाईला चुकीचं तिकीट दिलं आणि तिच्यासमोर रडले. ती बिचारी घाबरून माझंच सांत्वन करत बसली.

कशीबशी बसून बारावा वाचला. थरथरत, उठत-बसत, शिव्या देत. किती खराब अभ्यास!

८ डिसेंबर

आज ख्रिसमसचं झाड उभं करायचा दिवस. आई स्टुलावर चढली, मी खालून झाडाला टांगायचे रंगीत चेंडू देत होते, पापा रेडिओ ऐकत होते. आईने नुसतं गंमत म्हणून विचारलं, "काय गं, मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालतं का?" आणि मी बोलायला लागले! बारावा धडा! अख्खा! हाताने लिहिलेलं कधी चालतं, तारीख कशी लागते, सही कुठे. चेंडू हातात धरून बोलतच राहिले. पापांनी रेडिओ बारीक केला. वर बघितलं नाही, पण बारीक केला.

कसं काय झालं? बहुतेक दक्षिणेचा गार वारा आला म्हणून, उकाडा जरा कमी झालाय. गार हवेत डोकं चालतं हे मी नेहमी म्हणते.

मावशी संध्याकाळी परतली. देवासारखी आली. अर्धी घेतली आणि तेरावा, चौदावा सपाट्याने संपवले. आता शेवटचा आठवडा हाच वेग ठेवायचा.

१३ डिसेंबर

नाही होत. तेरावा नाही, चौदावा नाही, सोळावा तर मी पहिल्यांदाच बघतेय असं वाटलं आणि त्यावरही पिवळं आहे. पुस्तक भिंतीवर मारलं. मग उचलून पुसलं.

दुपारी खाली गेले, पापांना सांगायला, की मी परवा जातच नाही, द्या गल्ल्याची किल्ली. ते एका ट्यूबला थिगळ लावत होते. मी दारात उभी राहिले. ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "मग वर जा. इथे रबराचा वास आहे." तेवढंच आमचं संभाषण. वर येऊन उशीत तोंड घालून रडले. मला त्यांना शेवटपर्यंत निराश करायचं नाहीये, आणि दुसरं काही जमत पण नाहीये.

लुद्मिलाने मेसेज केलाय. "परवा मी येतेय. भांडण नंतर करू." उत्तर दिलं नाही. पण बरं वाटलं.

१५ डिसेंबर, सकाळ

निघतेय. अर्धी घेतली. अर्धी रुमालात बांधून घेतलीय. पहिल्या आठांतल्या दोन पडू देत, बाकी काही मागत नाही. आई दारात छातीवर क्रॉस करतेय. पापा दिसले नाहीत, दुकान बंद आहे.

रात्री सगळं लिहीन, जे होईल ते.

१६ डिसेंबर

केसात पीठ आहे.

उठले तर डोकं जड आणि उशीला काहीतरी कडक चिकटलेलं. हात लावला, तर पीठ आणि वाळलेलं अंडं. कानात मोहरीचा सॉस. दाराच्या पायरीवर माझी चप्पल, एकच, तिच्यातही अंडं. मला क्षणभर वाटलं कुणीतरी मला मारलं.

मग आई आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "वकीलबाई! उठा!"

मी पास झाले. सहा मार्क.

आमच्याकडे शेवटची परीक्षा पास झालेल्याला फॅकल्टीच्या दारातच अंडी, पीठ, केचप, हाताला येईल ते फासतात. कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांना फासलंय. प्रत्येक वेळी लांब उभं राहून ठरवलंय की माझ्या वेळी पांढरा शर्ट घालायचा, म्हणजे नीट रंगेल. तर पांढरा शर्ट घातला होता मी. बाथरूममध्ये बादलीत भिजतोय.

आणि मला काही आठवत नाही.

काहीच नाही. कॉरिडॉरमधला बाक आठवतो. यादी उशिरा लागली, माझा नंबर मागे होता. बाथरूमचा नळ आठवतो, रुमाल सोडून अर्धी घेतल्याची कडू चव आठवते. त्यानंतर थेट ही उशी.

आईकडून काढून घेतलं, तिला कळू न देता. "सांग ना पुन्हा," असं लाडात येऊन. चार आणि सात पडले. हिवाळ्यातले! मोन्साल्वोने उठून हात मिळवला म्हणे. बाहेर लुद्मिला तिचं एवढंसं पोट सांभाळत पिठाची पिशवी घेऊन उभी होती. सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या फेसाळ दारूच्या, बाटल्या उघडल्या, मी बाटलीनेच प्यायले. मावशीने ढोलवाल्या पोरांसोबत नाच केला.

"आणि पापा?" मी विचारलं.

आईचे डोळे भरले. "अगं, तो क्षण तर... ते सकाळपासून समोरच्या झाडाखाली उभे होते. डांगरीतच. स्वतः जाऊन अंडी घेऊन आले होते, डझनभर, हात लावू देईनात कुणाला. तुझ्या डोक्यावर एकच फोडलं, इतकं हळू की मला हसू आलं. मग तुझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कानाशी तोंड नेऊन बोलत राहिले. किती वेळ! तू हंबरडा फोडलास. मग तू त्यांच्या कानात काहीतरी बोललीस, आणि ते रडले. तुझा बाप, अल्दो, रडला! चाळीस वर्षांच्या संसारात मी बघितला नाही तो माणूस रडताना."

"काय म्हणाले ते?"

"मला काय विचारतेस? तुलाच सांगितलं ना. आम्हाला कुणाला ऐकू नाही आलं." आणि मग, "का गं?"

"असंच. पुन्हा ऐकावंसं वाटलं."

लुद्मिलाने फोनवर चित्रफीत पाठवलीय. त्यात मी आहे. माझ्यासारखी दिसणारी एक पिठाने माखलेली बाई आहे, आणि पापांचे काळे हात तिच्या गालांवर. त्यांचे ओठ हलताहेत. आवाज मोठा केला. ढोल. कानाला लावून ऐकलं. ढोल, आणि एक बस हॉर्न मारत जाते. मग ती बाई त्यांच्या कानाशी जाते. ती काय बोलते तेही ऐकू येत नाही.

येईल आठवत. आनंदाने असं होतं कधीकधी, दोन दिवसांत सगळं परत येतं.

१८ डिसेंबर

नाही आलं.

लुद्मिला आली होती. तिला सांगितलं, फक्त तिला. वाटलं होतं "मी सांगत होते" म्हणेल. नाही म्हणाली. माझा हात तिच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "पाय मारतंय बघ." मग म्हणाली, "यानी, ते परत येणार नाही गं. ते गेलं नाहीये, ते आत शिरलंच नाही. जसा अकरावा धडा." मी तिला घालवून दिलं. जिन्यापर्यंत जाऊन परत बोलावलं. दोघी पायरीवर बसलो.

म्हणजे ते सगळे धडे? तो मसूर? तिचं बाळ? मी भित्री नव्हते? ढ नव्हते?

पापांना विचारावं का? कसं विचारू? "तुम्ही आयुष्यात एकदा बोललात, ते मी ऐकलं नाही"?

२० डिसेंबर, रविवार

आज पापांनी अंगणात मांस भाजलं. मावशी, लुद्मिला, तिचा नवरा, सगळे. मी निखाऱ्यांना पंख्याने वारा घालत होते, बाकीचे आत. पापा नेहमीसारखेच, चिमट्याने कोळसे सारताहेत. पहिला कडक भाजलेला तुकडा कापून त्यांनी पावावर ठेवला आणि मला दिला. तो तुकडा नेहमी ते स्वतः खातात.

मग निखाऱ्यांकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ना, ते कुणाला सांगू नकोस. आईलासुद्धा."

"नाही सांगणार, पापा."

"मला परत बोलायला जमणार नाही ते. कितीतरी वर्षं घशात होतं. एकदा निघालं, झालं." चिमटा खाली ठेवला. डोळे पुसले, धुराने म्हणून. "आणि तू जे उत्तर दिलंस... मला वाटलं नव्हतं तू असं म्हणशील. मी रोज झोपताना ते आठवतो, यानी. मला आता दुसरं काही नको."

मी काय म्हटलं? मी काय म्हटलं त्यांना? पाव हातात तसाच होता, तेलकट, गरम, बोटं भाजत होती. विचारावं, आत्ता विचारावं, पाया पडून विचारावं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतकं हलकं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, मी लहान असतानासुद्धा नाही.

"खरंच म्हणालीस ना ते?" त्यांनी विचारलं. "सायडरमुळे नाही ना?"

"खरंच, पापा," मी म्हटलं. "शब्द न् शब्द."

त्यांनी मान हलवली, चिमटा उचलला, आणि मांस उलटायला लागले.